पांढरी पाचच्या जरा वर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जेवणाची सुट्टी झाली की लेथ थांबतात, प्रेस थांबतात आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज वर येतो. सलग, जाडसर, न थकणारा. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरचा गाभा दर आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून तो घुमतो १०० हर्ट्झला. पेटीवर शोधायचं तर खर्जातली पांढरी पाच ९८ ला लागते. म्हणजे अख्खं उद्यमनगर पांढरी पाचच्या जरा वर गुणगुणत असतं. काळी चारपर्यंत काही पोचत नाही.

आता एखादा असा मेटलकोअर (हेवी मेटल आणि हार्डकोअर पंकच्या मिश्रणाचा) अल्बम लावा, ज्यात गिटारच्या जड रिफखाली, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याखाली, सिंथेसायझर गुरगुरतो आणि ड्रममागे पत्रा आपटल्यासारखं काहीतरी वाजतं. सिडनीच्या नॉर्थलेन या बँडचा २०१९ चा 'एलियन' चालेल. घरातलं कुणीतरी विचारणारच, 'गाणं लावलंयस का कारखाना?' टोमणा असला तरी नेम बरोबर आहे. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून ब्लॅक सॅबथ या बँडचा पुढं गिटारवादक झालेल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या घातल्या आणि १९७१ पर्यंत ब्लॅक सॅबथची गिटार दीड स्वर उतरलेली होती. त्याच गावात १९८८ साली गॉडफ्लेश हा बँड उभा राहिला, ड्रमर न ठेवता, ड्रम मशिनवर. प्रेसवर बोट गेलेला माणूस जिथं चहाच्या टपरीवर भेटतो, त्या गावाला हे परकं वाटू नये.

आजचे काही बँड तर जाड तार थेट त्या पांढरी पाचच्याही एक सप्तक खाली, ४९ हर्ट्झला आणतात. साध्या गिटारची सगळ्यात खालची तार ८२ ची असते. नुसती खुंटी सैल करून एवढं खाली गेलात तर तार दोरीसारखी लोंबते, जोरात मारली की सूर आधी चढतो आणि मग घसरतो. ४६ ची (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तार काढून ७० च्या आसपासची घालावी लागते, लांब मानेची गिटार असली तर उत्तम. एवढी जाड तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत बसत नाही, खाच कानसावी लागते. ती गरजेपेक्षा खोल गेली की मोकळी तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, खरखरते, मग नवा नटच टाकायचा.

गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं डिस्टॉर्शन वाढवलं की विजेची घूंही वाढते. तिच्यासाठी नॉइज गेट : ठरवलेल्या पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, खालचा आवाज तो बंद करतो. हातानं तारा दाबून धरायच्या, घूं बंद होईपर्यंत थ्रेशोल्ड चढवायचा आणि केसभर जास्त ठेवून थांबायचं. हावरटपणा केला की लांबवलेल्या सुराची शेपटी तुटते. कमी ठेवला तर दोन ठोक्यांमधली शांतता भरून जाते, आणि या संगीतात निम्मा रिफ त्या शांततेचाच असतो.

खरी मारामारी तळमजल्यावर. १०० हर्ट्झच्या खाली किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), बेस गिटार आणि सिंथचा सब (सगळ्यात खालचा घुमारा) हे तिघे एकाच खोलीत राहतात. तिथून गिटारला बाहेर काढायचं : ८० ते १०० च्या खालचं तिचं सगळं कापून टाकायचं. मग किक पडली की सबनं क्षणभर खाली बसायचं, यासाठी सबवर आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर लावून त्याला किकच्या इशाऱ्यावर चालवायचं. अल्बमात डोंगराएवढी वाटणारी गिटार मिक्समधून एकटी काढून ऐकली तर पत्र्याच्या डब्यासारखी निघते. नवशिक्यांची फसगत इथंच होते. प्रत्येक वाद्य सुटं सुटं भरदार करतात आणि एकत्र वाजवलं की चिखल.

बेसचं भांडण कोल्हापूरकरांना शिकवायला नको. आपल्याकडे डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. रे डॉल्बीनं १९६५ मध्येच लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला, हे मिरवणुकीत कुणाला सांगायच्या भानगडीत पडू नये. पण या भिंतीत एका बेसची वायर उलटी लागली तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, आणि अगदी मधोमध उभ्या माणसाला बेसच ऐकू येत नाही. अँपपासून वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा : प्लसला प्लस, पडदा बाहेर आला की जोडणी सरळ. अल्बमातही हाच धोका, म्हणून सब दोन्ही कानांत एकसारखा ठेवतात.

कारखान्याचे आवाज विकत आणायची गरज इथं कुणाला नाही. पॉवर प्रेसचा ठोका फोनवर घेता येतो, पण फोन आपोआप आवाज दाबतो. ती सोय बंद करायची आणि पातळी लाल रेषेच्या बरीच खाली ठेवायची. रेकॉर्डिंग सलग लूप करू नका. प्रेसचा पट्टा घसरतो, चौथ्या मात्रेला ठेका पुढेमागे होतो. एकच ठोका कापून घ्या. त्याच्या आधीची दहा मिलिसेकंदांची शांतताही राहिली तर स्नेअर, म्हणजे काडीनं वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम, आळशी वाटते. २०० हर्ट्झच्या खालचं काढा, शेपूट छाटा, स्नेअरखाली हळूच सरकवा. लोखंड दिसता कामा नये, नुसतं टोचलं पाहिजे.

लोखंडाचा कंटाळा आला तर हलगी आहे. हलगी, घुमकं, कैताळ : मधला, खालचा, वरचा अशी वाटणी आधीच झालेली, कुणी कुणाच्या खोलीत जात नाही. हलगीवर जाड टिपरू मात्रा धरतं आणि बारीक काडी मधली जागा भरते. तीच काडी माइकला आधी लागते, म्हणून माइक कडेपासून वीतभर लांब, जरा तिरका. पंचगंगा पात्राबाहेर आली असेल त्या दिवसांत हलगीचं कातडं ओलं धरतं आणि आवाज 'टण'चा 'थप' होतो. कागद पेटवून शेकायची, बोटानं टिचकी मारून बघायची, आणि पुन्हा उतरायच्या आत रेकॉर्डिंग उरकायचं.