पडवीतली होडी

इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे होडी सांधायच्या गोंदासारख्या द्रवात, तो कडक करणारा हार्डनर ओतला आणि काठीने ढवळायला घेतलं, की त्या क्षणापासून घरातल्या कुणीही आपल्याला हाक मारू नये, हे घरच्यांना पटवून देणं म्हणजे घरी होडी बांधण्यातलं सगळ्यांत अवघड काम. बाकीचं त्या मानाने सोपं आहे. मिश्रण कडक होण्याआधी हाताशी मिळणारा, डब्यावर पंचवीस अंशांना म्हणून लिहिलेला अर्धा-पाऊण तास एप्रिलमधल्या रत्नागिरीत कुठल्या कुठे जातो, आणि पेला हातात गरम लागायला लागतो नेमक्या त्याच वेळी दारात गॅसवाला उभा राहतो. "अहो, तेवढे पैसे द्या त्याला, माझे हात पिठाचे आहेत." माझे हात कशाचे आहेत, हे बघायला कुणाला वेळ असतो?

रंग वाळतो तसं इपॉक्सी वाळत नाही. त्यातून काही उडून जात नाही. दोन द्रव एकमेकांत मिसळून त्यांचं तिसरंच काही होतं, ते होताना उष्णता निघते आणि ती उष्णता पुढच्या कामाला आणखी पळवते. दहा अंश तापमान वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्म्यावर येतो. उभ्या पेल्यात ही उष्णता कोंडते आणि सगळं मिश्रण धूर सोडत दगड होऊन बसतं. तेच ढवळून लगेच पसरट थाळीत ओतलं तर बराच वेळ मिळतो. आमच्या घरातली ॲल्युमिनियमची एक जुनी परात त्यासाठी कायमची कामी आली. लवकर आटपावं म्हणून हार्डनर जरा जास्त घालू, असंही इथे चालत नाही. जास्तीचा हार्डनर कामाविना तसाच उरतो आणि पृष्ठभाग जन्मभर चिकट राहतो. प्रमाण म्हणजे प्रमाण. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटाही पडवीत आला, आणि त्यावरून काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

प्लायवूड आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "किचन कसलं, एल की यू?" त्याची काही चूक नव्हती. आपल्याकडे 'मरीन प्लाय' नावाने विकलं जाणारं लाकूड बहुतेक वेळा सिंकखालच्या कपाटापर्यंतच जातं, समुद्र बघायचं भाग्य त्याच्या नशिबी क्वचित. शीटवर 'आयएस ७१०' असा शिक्का असतो. म्हणजे लाकडाचे पातळ थर फिनॉल फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेले, आणि तो गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा अशी अट. शिक्का खरा की खोटा याची मला सुचलेली परीक्षा एकच. शीट उभं करून त्याची कड नीट बघायची. थरांमध्ये फटी दिसल्या तर ते शीट कपाटालाच बरं. मग पाच रुपयांचं नाणं घेऊन टकटक करत सगळं शीट फिरायचं. पोकळ जागी आवाज बदलतो. दुकानातल्या पोराला वाटलं, काकांचं काहीतरी बिनसलंय.

शीट आठ फूट बाय चार फूट. या एका मापाने जगातल्या किती होड्यांची लांबी ठरवली असेल! १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या माणसाला मुलांसाठी स्वस्तातली शिडाची होडी काढायला सांगितलं गेलं, आणि त्याने ती आठ फुटी प्लायवूडमधून निघेल अशी आखली. पुढचं टोक नाकासारखं निमुळतं करायच्या भानगडीत पडला नाही, सरळ चपटं ठेवलं. तीच ऑप्टिमिस्ट. आज मुंबईतली मुलंही शिडाचे पहिले धडे तिच्यातच गिरवतात, फक्त आता ती फायबरच्या साच्यातून येते. आठ फुटांपुढे जायचं तर दोन शीटं जोडावी लागतात. नुसती टोकाला टोक लावून नाही, तर दोन्ही कडा उताराने तासून एकमेकींवर बसवायच्या. जाडीच्या आठपट उतार, म्हणजे सहा मिलिमीटरच्या प्लायला जवळजवळ दोन इंच. रंधा हातात घेऊन हे करताना प्लायचे थर पट्ट्यांसारखे उघडे पडतात आणि त्या पट्ट्या सरळ राहिल्या तर तासणं बरोबर चाललंय असं समजायचं. मी आठ फुटांवरच समाधान मानलं.

पण खरी मजा शिवणात आहे. हो, होडी शिवायची. जमिनीवर कापून ठेवलेले तुकडे बघितले तर त्यातून होडी होईल यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. तळाचे दोन, बाजूंचे दोन, पुढची आणि मागची फळी, सगळं सपाट. कडांना वीतभर अंतरावर बारीक भोकं पाडायची, त्यातून तांब्याची तार ओवायची आणि पकडीने पीळ द्यायचा. सुरुवातीला काहीच होत नाही. तळाचे दोन तुकडे मधोमध शिवून पुस्तकासारखे उघडले, बाजू लावल्या, आणि पुढच्या तारा आवळायला लागलो, तशी सहा मिलिमीटरची ताठ फळी कुरकुरली, वाकली आणि गोलाई घेऊन उभी राहिली. तो आवाज मी आजही वर्णन करू शकणार नाही. आतून आई बाहेर आली आणि म्हणाली, "अगो बाई, होडीच की!" तोवर तिचा समज मी पलंग करतोय असा होता.

ही पद्धत इंग्लंडमध्ये साठच्या दशकात घरोघर पोचली ती एका वर्तमानपत्रामुळे. डेली मिररने १९६३ मध्ये लाल शिडांची 'मिरर' ही लहान होडी सुट्या भागांच्या रूपात विकायला काढली. होड्यांचा आखणीकार जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरकामाची हत्यारं चालवून दाखवणारा बॅरी बकनेल, या दोघांनी ती घडवली होती. प्लाय, तांब्याची तार, काचेच्या कापडाची पट्टी आणि रेझिन. सत्तर हजारांहून जास्त बांधल्या गेल्या. आपल्याला मात्र शिवलेल्या होडीचं एवढं नवल वाटायचं कारण नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवलंय की या समुद्रातली जहाजं काथ्याने शिवतात, कारण लोखंडी खिळ्यांचं जहाज खडकावर आपटलं की फुटतं आणि काथ्याचं लवतं. अलीकडे गोव्यात केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी अजिंठ्याच्या चित्रावरून असंच एक शिवलेलं जहाज बांधलं, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते 'कौंडिण्य' नावाने नौदलात दाखल झालं. फरक एवढाच की त्यांचा काथ्या जहाजाच्या अंगात कायमचा राहतो. माझी तांब्याची तार म्हणजे शिंप्याचा कच्चा टाका. आतल्या सांध्यांत लाकडाचा भुसा मिसळून घट्ट केलेलं रेझिन बोटाने गोल फिरवून भरलं, ते कडक झालं, की तारा कापून ओढून काढायच्या.

मग काचेचं कापड. हातात घेतलं तर एखाद्या चांगल्या परकराचं वाटावं असं पांढरंशुभ्र, सळसळीत. ते उपड्या होडीवर पसरायचं, सुरकुत्या हाताने बाजूला सारायच्या आणि मधोमध रेझिन ओतून रबराच्या पट्टीने कडेकडे ढकलत न्यायचं. रेझिन पोचेल तिथे कापड दिसेनासं होतं. खालचं लाकूड, त्याच्या रेषा, गाठी, सगळं जसंच्या तसं दिसायला लागतं, जणू वर काही घातलेलंच नाही. जिथे पांढुरकं राहिलं तिथे हवा अडकलेली. जिथे चकचकीत तळं साचलं तिथे रेझिन जास्त झालेलं, आणि ते निर्दयपणे ओढून काढायचं. जास्तीच्या रेझिनने होडीचं वजन वाढतं, बळ वाढत नाही. ताकद काचेची, रेझिनचं काम फक्त तिला धरून ठेवण्याचं. हे करत असताना मला प्यायला चहा आणून ठेवू नये. तो निवतो, त्यात भुसा पडतो, आणि न पिण्याचा राग वेगळा.

आमच्याकडे मिरकरवाड्याच्या बंदरात फायबरच्या होड्या काही कमी नाहीत, पण त्यांचं गणित वेगळं. त्या साच्यात, पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या मॅटने होतात. ते रेझिन स्वस्त, झटपट, आणि त्याचा वास गल्लीच्या टोकाला येतो. लाकडाशी मात्र त्याचं फारसं जमत नाही, काही वर्षांत पापुद्रा सुटतो. शिवाय बुडू नये म्हणून बाकाखाली थर्माकोल भरायचा विचार असेल तर पॉलिएस्टरमधलं स्टायरीन त्याला बघता बघता खाऊन टाकतं. इपॉक्सी त्याला हात लावत नाही. ओळखीच्या एका तांडेलाने, म्हणजे मच्छीमार होडीवरच्या म्होरक्याने, माझ्या होडीभोवती एक फेरी मारली, अंगठ्याने तळ दाबून बघितला, आणि म्हणाला, "हलकी हाय. खाडीत फिरवा. बाहेर नका जाऊ." यापेक्षा नेमकं मत दुसऱ्या कुणी दिलं नाही.

लाकूड आत आणि फायबर बाहेर, हे खेळण्यातलंच प्रकरण आहे असं मात्र कुणी समजू नये. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या बोटयार्डात बांधलेली ५६ फुटांची 'म्हादेई' याच जातीची, लाकडाचा गाभा आणि वर फायबरग्लास. २००९ मध्ये ती नौदलात आली. तिच्यातूनच दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परतले, आणि २०१३ मध्ये अभिलाष टॉमी तर वाटेत कुठेही न थांबता. पडवीत घासकागद घेऊन बसलेल्या माणसाला असले दाखले तोंडपाठ असावे लागतात. येणारा-जाणारा गप्प बसतो.

घासकामाबद्दल बोलायलाच नको. काचेची धूळ मनगटाशी बसते आणि रात्रभर खाजवते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला मास्क आणि नंतर थंड पाणी. गरम पाण्याने ती आणखी आत जाते, असं आमच्या इथले फायबरवाले सांगतात. पावसाळ्यात हा उद्योग बंदच ठेवावा, कारण दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर धरतो. तो थिनरने पुसायचा नसतो, साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या चोथ्याने जातो. एवढ्या महागड्या रसायनावरचा उपाय सिंकजवळ निघावा, हे मला फार आवडलं. दिवाळी ते होळी हा खरा हंगाम. नेमका लग्नाचाही तोच.

आता होडी उभी आहे. म्हणजे उपडीच आहे, पण झाली आहे. दोन माणसं, होडी आणि वल्ही मिळून दोनशे किलो धरले, तर तिला दोनशे लिटर पाणी बाजूला सारावं लागेल. अंगणातलं निळं पिंप बरोबर तेवढंच. आई रोज त्या पिंपाकडे आणि होडीकडे बघते, आणि तिला हिशोब पटलेला दिसत नाही. तिची सूचना अशी की मे महिन्यात उपड्या तळावर आमसुलं छान वाळतील.

भाट्याच्या खाडीत ओहोटीला होडी न्यायची तर गुडघाभर चिखल तुडवावा लागतो, तेव्हा भरती पाहिजे. भरतीला मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ मिळते. येत्या रविवारी षष्ठी, म्हणजे साडेचारला पाणी टिपेला. साडेचारला मेहुणीच्या मुलाचा साखरपुडा आहे. पुढे ढकलता येईल का, असं मी नुसतं विचारून बघितलं. साखरपुडा, असं मला म्हणायचं होतं. "भरती ढकला ना," असं उत्तर आलं. त्याच्या पुढच्या रविवारी त्रयोदशी, पावणेदहा. नाश्ता करून निघता येईल. तोवर रंगाचा दुसरा हात पण सुकेल, अर्थात रंग कुठला ते ठरलं तर. तांडेल म्हणतो नारिंगी, लांबून दिसतो.