शनिवार: सेरंगून, बोटॅनिक गार्डन्स, टेक्का, पुंगोल

सकाळी ६.१५. बाहेर मिट्ट काळोख. सिंगापूर विषुववृत्ताच्या सव्वा अंशावर, म्हणून वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्याच आसपास मावळतो. जुलै असो की जानेवारी, फरक काही मिनिटांचाच. शहर १०४ अंश पूर्व रेखांशाजवळ आहे. त्या हिशेबाने घड्याळ ग्रिनिचच्या सात तास पुढे असायला हवं, पण १ जानेवारी १९८२ पासून मलेशियाच्या जोडीने ते आठ तास पुढे आहे. थोडक्यात, इथलं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे धावतं आणि सूर्य डोक्यावर येतो दुपारी एक वाजून गेल्यावर. घरी आलेल्या आई-बाबांना आणि आत्याला फिरवायचं तर हा एक तास फार कामाचा. साडेनऊपर्यंत हवा सुसह्य असते. बारानंतर मात्र घामाच्या धारा. तेव्हा अकरापर्यंत बाहेर, साडेचारपर्यंत कुणाच्या तरी घरी पंख्याखाली, मग पुन्हा बाहेर.

अडचण एवढीच की पाहुण्यांच्या अंगातल्या घड्याळात आत्ता पावणेचार वाजलेत. पहिल्या दिवशी पहाटे कुणी उठत नाही आणि उठवूही नये. हा बेत तिसऱ्या दिवसाचा. दिवसही शनिवारच घ्यावा. रविवारी परदेशी कामगारांना सुट्टी असते आणि लिटल इंडिया या भारतीय वस्तीत दुपारनंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. सोमवारी बाजारातले बरेच गाळे बंद.

६.४५. चहा. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे, हे सांगूनही घरातली वडीलधारी मंडळी ते उकळतातच. उकळू द्यावं. भारतातून आणलेल्या फोनच्या चार्जरला इथे जाड चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, त्यामुळे तेवढ्यावर भागतं.

पाहुण्यांच्या बॅगा ठेवल्यात जाड भिंतींच्या, पोलादी दाराच्या एका खोलीत. नव्वदीच्या अखेरीपासून बांधलेल्या सरकारी घरांत अशी एक खोली असते, हवाई हल्ल्यात आसरा घ्यायला. प्रत्यक्षात तिथे तांदळाचं पोतं, इस्त्रीचं टेबल आणि भारतातून आलेल्या बॅगा राहतात. तिच्या भिंतींना भोकं पाडायची नाहीत, दार बदलायचं नाही. बाकी अडगळ चालते.

बॅगांवरून आठवलं, तिकडून निघणाऱ्यांसाठी. खसखस आणायची नाही. ती अफूच्या झाडाचं बी, तिच्यात मॉर्फिनचे अंश असू शकतात, म्हणून ती इथे अमली पदार्थांच्या खात्याच्या अखत्यारीत येते. नुसती पुडी कुणी आणत नाही. फसगत होते ती अनारशांवर थापलेल्या, करंजीच्या सारणात भाजून घातलेल्या आणि काही घरांत गोड्या मसाल्यात कुटलेल्या खसखशीने. भाजणी, मेतकूट, आमसुलं, बेसनाचे लाडू, काही हरकत नाही. तंबाखू, गुटखा, च्युइंगम घरीच ठेवावं. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध यांना आधी परवानगी लागते. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तीन महिन्यांपुरत्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

७.२०. निघालो. इमारतीच्या खालचा मजला मोकळा, खांबांवर उभा. तिथून स्टेशनापर्यंत छपराखालची वाट आहे. तरी छत्री प्रत्येकाची वेगळी हवी. या महिन्यांत पहाटे सुमात्रा बेटाकडून वादळी सर येते. तासाभरात सगळं धुऊन निघून जाते आणि मागे छान गारवा ठेवते. आज आली नाही.

मेट्रोच्या गाडीसाठी वेगळं तिकीट काढायची गरज नाही, काँटॅक्टलेस बँक कार्ड गेटवर टेकवलं की झालं. भारतातल्या बँकेचं कार्ड असेल तर वापरलेल्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट जादा पडतात. आठवडाभर राहणाऱ्याने सरळ इथलं प्रवासाचं ईझी-लिंक कार्ड घ्यावं. चुका ठरलेल्या असतात. एका कार्डावर दोघं जात नाहीत, माणशी एक कार्ड लागतं. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना त्याच कार्डाचा फोन टेकवला तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी, आणि दोघांनाही दंड बसल्यासारखं भाडं पडतं. बसमधून उतरताना टेकवायला विसरलं की शेवटच्या थांब्यापर्यंतचे पैसे जातात. आणि बस आपणहून थांबत नाही, हात दाखवावा लागतो. गाडी बदलताना ४५ मिनिटांच्या आत पुढची पकडली तर तो एकच प्रवास धरतात.

“आत्या, चॉकलेट उतरल्यावर खा.” गाडीत आणि फलाटावर खाण्या-पिण्याला बंदी आहे, घोटभर पाण्यालासुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत.

७.५०. सेरंगूनहून सर्कल लाइनने पाचवं स्टेशन, बोटॅनिक गार्डन्स. बाहेर पडलं की समोर बागेचं बुकिट तिमा फाटक. बाग पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी, फुकट. १८५९ पासूनची बाग, २०१५ पासून जागतिक वारसा. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे अडीच किलोमीटर, आणि इथेच बहुतेकांचा बेत फसतो. ऑर्किडची बाग मधोमध आहे. या फाटकातून तिथे पोचायला रमतगमत अर्धा-पाऊण तास लागतो. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर आधीच ठरवावं: ऑर्किड बघून याच वाटेने परत, की पुढे टँगलिन फाटकाने बाहेर पडून नेपियर स्टेशन. दोन्ही करू म्हटलं की कुणीतरी बाकावर बसतं ते उठत नाही.

आत शिरल्यावर आधी तळं लागतं. काठाला पाणघोरपडी उन्ह खात पडलेल्या असतात, शेपटीसकट माणसाच्या उंचीच्या. त्या अंगावर येत नाहीत आणि आपण खायला घालायचं नाही. सिंहगडाच्या यशवंतीची गोष्ट इथे प्रत्येक मराठी घरातलं कुणी ना कुणी काढतंच.

बागेतला खरा इतिहास रबराचा. १८७७ मध्ये लंडनच्या क्यू बागेतून रबराची रोपं इथे आली. १८८८ पासून बाग सांभाळणाऱ्या हेन्री रिडली यांनी खोडाला इजा न करता चीक काढायची पद्धत बसवली: माशाच्या काट्यासारख्या तिरप्या चिरा, दर वेळी पातळ साल तासायची, झाड वर्षानुवर्षं चीक देत राहतं. त्याआधीच्या पद्धतीत खोडावर घाव घालत आणि झाडाला इजा होई. मलायाच्या मळ्यांना रबर लावा म्हणून रिडली मागे लागत, लोक त्यांना वेडा म्हणत. पुढे मोटारी आल्या आणि सगळा मलाया रबराखाली गेला. हे माहीत असलं की रबराच्या झाडापाशी पाय थबकतात, नाहीतर ते एक साधंसुधं झाड.

ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे, परदेशी प्रौढांना १५ डॉलर. ज्येष्ठांना सवलत मिळते, पण वयाचा पुरावा लागतो, म्हणून पासपोर्टची प्रत खिशात हवी. साडेआठला उघडते. उघडताच शिरावं. दहानंतर सहलींच्या बस येतात. इथलं राष्ट्रीय फूल ‘वांडा मिस जोआकिम’ तिथेच दिसतं. अ‍ॅग्नेस जोआकिम या आर्मेनियन बाईंच्या अंगणातला हा संकर १८९३ मध्ये जगापुढे आला, राष्ट्रीय फूल ठरला १९८१ मध्ये. फोटो काढण्यासारखं बरंच आहे. पण उंच डोंगरावरच्या ऑर्किडांसाठी थंड ठेवलेलं काचघर शेवटी ठेवावं. घामेजलेल्या माणसांना फुलांपेक्षा त्याच्या गारव्याचंच कौतुक जास्त.

१०.४०. परत त्याच फाटकाशी. डाउनटाउन लाइनने तिसरं स्टेशन लिटल इंडिया. ‘सी’ दाराने वर आलं की बफेलो रोड, आणि समोर टेक्का बाजार.

टेक्का हे नाव हॉकियन या चिनी बोलीतलं, बांबूच्या बुंध्याशी असा काहीसा अर्थ. आताची इमारत १९८२ ची. तळमजल्यावर एका अंगाला ओला बाजार, दुसऱ्या अंगाला खाण्याचे गाळे, वर साड्या, कपडे आणि शिंपी. मासळी सकाळी लवकर चांगली, अकरापर्यंत उरलेलं घ्यायला लागतं. भाजी मात्र तेव्हाही ठीक असते. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, केळफूल, अळू सगळं मिळतं. यंत्रावर ताजा खवलेला नारळ वजनावर देतात. तो घरी जाताच फ्रीजमध्ये गेला पाहिजे, या हवेत दुपारपर्यंत आंबतो. पांदानच्या पानांची जुडी जरूर घ्यावी. बासमतीला जो वास असतो त्याच द्रव्याचा वास या पानाला येतो. साध्या तांदळाच्या भातात एक पान गाठ मारून टाकायचं, वाफ गेल्यावर काढायचं.

फळांत सध्या ड्युरियनचा हंगाम. भाव किलोवर, तोही काट्यांच्या सालीसकट. त्यामुळे आधी वजन, मग एकूण किंमत विचारायची, फळ समोर फोडून घ्यायचं, गर मऊ असला तरच पैसे. ते गाडीत नेता येत नाही. तिथेच उभ्याने खायचं. वास ज्यांना सोसत नाही त्यांना चेंपेडाक द्यावा, आपल्या बरक्या फणसाचा सख्खा चुलतभाऊ.

११.१५. खाण्याच्या गाळ्यांची रीत. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं की ती जागा धरलेली, उचलून बसायचं नाही. आपणही तसंच पाकीट ठेवून रांगेत जावं. गाळ्यावर टिश्यू मिळत नाही, म्हणून ते जवळ असतंच. खाल्ल्यावर ताट उचलून रॅकवर आपणच ठेवायचं, २०२१ पासून ते सक्तीचं आहे. पहिल्यांदा ताकीद, मग दंड. बाबांना आधी हे खटकतं, नंतर तेच इतरांवर नजर ठेवतात.

चहा मागायची भाषा शिकून घ्यावी. नुसतं ‘ते’ म्हटलं तर कंडेन्स्ड दुधाचा, दात आंबतील इतका गोड चहा येतो. ‘ते सी’ म्हणजे आटवलेलं बिनसाखरेचं दूध आणि वरून साखर. ‘ते ओ’ म्हणजे बिनदुधाचा. शेवटी ‘कोसोंग’ जोडलं की साखर नाही, ‘सिउ दाय’ म्हटलं की कमी, ‘पेंग’ म्हटलं की बर्फ घालून. मधुमेहाच्या माणसाला ‘ते सी कोसोंग’. आल्याचा हवा असेल तर ‘ते हालिया’. घरच्या चहाच्या सर्वांत जवळ हाच जातो.

शाकाहारी माणसाने टेक्कातच निवांत खाऊन घ्यावं. तोसै म्हणजे डोसा, वडै म्हणजे वडा. पराठ्यासारख्या प्राटाबरोबर वाटीत न विचारता माशाची करी येऊ शकते, डाळीची मागून घ्यायची. शहरात इतरत्र ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. तिखट सांबालात कोळंबीची आंबवलेली चटणी असते, भाजीवर ऑयस्टर सॉस ओततात, नूडल्सचं पाणी हाडांचं असतं. बौद्ध शाकाहारी गाळा शोधावा, पाटीवर 素 ही चिनी खूण असते. तिथे मांसासारखं दिसणारं सगळं सोयाबीन आणि गव्हाचं. बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. अंडं मात्र चालतं असं समजतात, म्हणून ते वेगळं विचारावं.

१२.१०. भाजी घेऊन मावशीकडे, पुंगोलला. नॉर्थ-ईस्ट लाइनचं दहावं स्टेशन, पुढे एलआरटी, म्हणजे छोटी हलकी रेल्वे. एलआरटी दोन वर्तुळांत फिरते, पूर्व आणि पश्चिम. चुकीच्या बाजूची पकडली की इमारत समोर दिसते आणि गाडी लांब जाते. पत्ता वाचायची रीत अशी: ब्लॉक क्रमांक, रस्ता, मग # खुणेनंतर मजला आणि घर. #०९-१२३ म्हणजे नववा मजला, १२३ नंबरचं दार. तळमजला इथे पहिला धरतात. सहा आकडी पोस्टल कोड जपून ठेवावा. आपला पिनकोड अख्खं उपनगर दाखवतो, इथला थेट एक इमारत. सरकारी घरांत बहुधा शेवटचे तीन आकडे ब्लॉकचेच असतात. टॅक्सीला तेवढा आकडा सांगितला की बाकी काही बोलावं लागत नाही.

जेवण, वामकुक्षी. तीनला ढग जमले, साडेतीनला कडकडाट. दिवसभर तापलेली ओली हवा वर चढते आणि दुपारनंतर कोसळते. तासाभरात थांबते, त्यामुळे बेत रद्द करायचा नाही, फक्त पुढे ढकलायचा. खिडकीबाहेरच्या दांड्यांवरचे कपडे मात्र मावशी ढग दिसताच आत घेते. दांडी जड असते, पाहुण्यांनी मदतीला धावू नये. वरून काही खाली पडलं तर तो इथे गुन्हा आहे.

५.३०. निघून चायनाटाउनला लाइन बदलली, बेफ्रंटला उतरलो. गार्डन्स बाय द बे या बागेतले लोखंडी महावृक्ष, २५ ते ५० मीटर उंच, अंगभर खरी झाडं लावलेली. खालून हिंडायला पैसे नाहीत. काचघरांना आणि वरच्या पुलाला तिकीट. पाऊस-विजा असतील तर पूल बंद असतो, म्हणून दुपारी सर आलेल्या दिवशी त्याचं तिकीट आधी काढू नये. दिव्यांचा खेळ ७.४५ ला आणि ८.४५ ला. वीस मिनिटं आधी पोचून झाडांच्या मधोमध जमिनीवर सरळ आडवं व्हावं. अंथरायला जुनी चादर आणायची, दुपारच्या पावसाने फरशी ओली असते. उभं राहून बघणाऱ्याची मान दुखते.

दुसऱ्या खेळानंतर स्टेशनावर मोठी रांग लागते, पहिला बघून निघालेलं बरं.

९.३५. घरी. ओल्या छत्र्या दाराबाहेर उघड्या ठेवल्या, नारळाचा उरलेला कीस बर्फात गेला. भारतात आत्ता सात वाजून पाच मिनिटं झालीत. त्यामुळे आत्या ताजीतवानी आहे आणि तिला भजी तळायचीत.