पसरणी घाटातलं ते वळण : नोंद 6

मंडळी, नोंद 4 आणि 5 मधले घाटातल्या मोबाइल सिग्नलचे नकाशे बाद समजा. तीन आठवड्यांची मेहनत, पेट्रोल वेगळंच, आणि चूक अशी की सांगायलाही लाज वाटते. सगळ्या नोंदी मी फोन खिशात स्वस्थ पडलेला असताना घेतल्या होत्या.

नव्यांसाठी थोडक्यात: वाई कृष्णाकाठी खाली, पाचगणी 1,300 मीटरच्या आसपास वर, मधे 12 किलोमीटरचा घाट. त्यात एका वळणावर चढताना माझा कॉल हमखास तुटतो. नकाशात मात्र तिथे काहीच दिसेना. वळणाआधी आरएसआरपी (सिग्नलचा जोर; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर) उणे 95, वळणानंतर उणे 97. एवढ्या रेंजमध्ये कॉल तुटायचं कारण काय?

कारण असं की कॉल चालू नसताना कुठल्या सेलवर (टॉवरच्या एकेका बाजूचा सिग्नल म्हणजे एक सेल) बसायचं ते फोन स्वतः ठरवतो. नियम टॉवरच प्रसारित करतो, पण निवड फोनची. फोन मधूनमधून, बहुतेक वेळा 1.28 सेकंदांनी, जागा होतो, आपल्याला कुणी बोलावतंय का ऐकतो, शेजारचा सेल बरा वाटला तर गुपचूप तिकडे सरकतो. दोन-तीन सेकंद कुठेच नसला तरी कुणाचं बिघडत नाही. माझ्या नकाशात तेच सरकणं उमटलं होतं.

कॉल सुरू झाला की कारभार टॉवरच्या हाती जातो. फोनचं काम उरतं चहाडी करण्याचं: 'शेजारचा तुमच्यापेक्षा अमुक डेसिबलने जोरात ऐकू येतोय, आणि अमुक मिलिसेकंद झाले तरी तसाच आहे.' ही अट मुद्दाम असते, नाहीतर दोन सेलच्या सीमेवर फोन सतत इकडून तिकडे उड्या मारत बसेल. चहाडी पोचली की जुना टॉवर नव्याशी बोलतो, तिथे जागा धरतो आणि मग फोनला 'जा' म्हणतो. गोम इथेच आहे. 'जा' हा निरोप जुन्याच टॉवरकडून यावा लागतो, आणि तोच तर डोंगराआड चाललेला असतो.

म्हणून या खेपेला कॉल चालू ठेवून फेऱ्या मारल्या. भाचा मोटरसायकलवर पुढे, मी मागे, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला वाईच्या घरी आई. तिला सांगितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सेकंदाला एक असे आकडे मोठ्याने मोज. वळणावर मला ऐकू आलं: सदतीस, अडतीस, एकोणचाळीस... चव्वेचाळीस. चार आकडे गळाले. सिग्नल मोजणाऱ्या ॲपमध्ये त्याच वेळी उणे 98 वरून दोन सेकंदांत उणे 121, आणि मग एकदम वरचा सेल. ताशी 40 च्या वेगाने दोन सेकंद म्हणजे जेमतेम 22 मीटर रस्ता. कड्याची सावली तेवढ्यातच पडते.

चढताना मोटरसायकलवर 8 फेऱ्या झाल्या. 5 वेळा आकडे गळाले, त्यातल्या 2 वेळा कॉल पुरता कट. मग तेच 22 मीटर पायी चाललो, 6 वेळा. एकही आकडा गळला नाही. चालत जायला अठरा-वीस सेकंद लागतात, तेवढ्यात चहाडी, बोलणी, निरोप सगळं निवांत उरकत असणार. उतरताना मात्र मोटरसायकलवरही 8 पैकी एकदाच गळती. उतरताना पाचगणीकडचा सेल हळूहळू मागे पडतो आणि खालचा वळणावर एकदम समोर येतो, म्हणजे जुना मरायच्या आत नवा जोरात असतो. चढताना उलटं. भाचा म्हणाला, "मामा, मग गाडी हळू चालवायची ना." शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, पण मागून एसटी आली की कळेल.

दुसरी दुरुस्ती. घराच्या गच्चीवरून जो सेल मिळतो तो मी समोरच्या निळ्या टॉवरच्या नावावर लावला होता. तोही चुकलाच. सेल आयडी 19664149 होता. 256 ने भागलं की 76813 हा टॉवरचा नंबर, बाकी 21 हा त्यावरचा सेल. निळ्या टॉवरखाली जाऊन पाहिलं तर तिथला नंबर भलताच. मग टायमिंग ॲडव्हान्सकडे लक्ष गेलं. फोनला किती आधी बोलायला सुरुवात करायची हे टॉवर सांगतो, कारण लांबच्या फोनचा आवाज उशिरा पोचतो. फोरजीत त्याची एक पायरी साधारण 78 मीटरची. माझ्या गच्चीवर आकडा 112, म्हणजे पावणेनऊ किलोमीटर! थेट वरच्या पठारावरचा टॉवर. चॅनेल नंबरही 2400 ते 2649 मधला, म्हणजे बँड 5, लहरींचा 850 मेगाहर्ट्झचा पट्टा. लांब पल्ल्याचा गडी. रविवारी वर जाऊन त्या टॉवरला प्रदक्षिणा घातली, तेव्हा पीसीआय (आसपासचे सेल वेगळे ओळखायचा छोटा नंबर) 231, 232, 233 असे ओळीने तिन्ही बाजू दिसल्या. वाईकडे तोंड 232 चं.

बऱ्याच फोनमध्ये हा टायमिंगचा आकडा येतच नाही, आणि जिथे येतो तिथेही कॉल किंवा डेटा चालू असतानाच भरवशाचा. आळशी फोनचा आकडा शिळा असतो. मी त्यावरही एकदा फसलोय.

आणि हो, पुस्तकातले ते मधाच्या पोळ्यासारखे षटकोन. 1947 साली बेल लॅब्जमधल्या डी. एच. रिंग यांच्या टिपणापासून ते चालत आलेत. कागदावर हिशोबाला सोयीचे, पण घाटात ते शोधू नका. माझ्या नकाशात 232 ची एक लांब जीभ वाईवर उतरलीय, आणि तिच्या पोटात निळ्या टॉवरची दोन-तीन गल्ल्यांएवढी ठिगळं.

एक सूचना: वळणावर रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र, बसवायची कल्पना कुणी सुचवू नये. विनापरवाना बूस्टर-रिपीटर आपल्याकडे बेकायदा आहेत, आणि एक बिघडलेला रिपीटर आख्ख्या परिसराचा गोंगाट वाढवतो.

पुढच्या वेळी फोन सक्तीने बँड 3 वर ठेवून त्याच फेऱ्या. 1800 मेगाहर्ट्झ कड्याआड कमी वळतं, तेव्हा गळती आणखी वाढावी असा होरा. फक्त मोजायला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. आईने आकडे शंभरपर्यंतच मोजीन म्हणून सांगितलंय, आणि तेही मालिका संपल्यावर.