टॅक्सीच्या इंजिनापासून फॉर्म्युला ज्युनियरपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपची सुरुवात पद्मिनी टॅक्सींच्या रिंग-पिस्टनच्या कामाने झाली. आज आमच्याकडे येणारी बरीचशी इंजिनं इटालियन रेसिंगच्या जुन्या गाड्यांची असतात. वरवर पाहता ही दोन टोकं वाटतील, पण इंजिनाचं घराणं एकच आहे.

दान्ते जाकोसा यांनी फियाट ५०८ सी साठी बनवलेलं १०८९ सीसीचं इंजिन १९३७ साली बाजारात आलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिमी. हीच मापं १९५३च्या ११००/१०३ मध्ये राहिली आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनीबरोबर आपल्या रस्त्यांवर आली. एन्झो फेरारी अल्फा रोमिओतून बाहेर पडले, तेव्हा चार वर्षं स्वतःच्या नावाने गाडी काढायची नाही अशी अट होती. म्हणून १९४०च्या ब्रेशियाच्या शर्यतीत त्यांची पहिली गाडी 'आउटो आवियो कोस्त्रुत्सिओनी ८१५' या नावाने उतरली. तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनावर ५०८ सी ची दोन हेड्स (सिलिंडरवरची झाकणं) एकापुढे एक बसवली होती. दोन गाड्या बनल्या, एक आल्बेर्तो आस्कारीने चालवली, आणि दोन्ही शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. युद्धानंतर याच घराण्याचं इंजिन घेऊन चिसितालिया ही इटालियन रेसिंग गाडी आली. तिच्या स्पायडरमधून (उघड्या टपाच्या गाडीतून) इटालियन रेसर नुवोलारी १९४७च्या मिल्ले मिल्या या लांब पल्ल्याच्या शर्यतीत दुसरा आला. १९५८ साली इटलीत फॉर्म्युला ज्युनियर ही छोट्या इंजिनाच्या एकआसनी रेसिंग गाड्यांची श्रेणी सुरू झाली, तेव्हा मोदेनाच्या स्तांगुएल्लिनीने पुन्हा ११००चंच इंजिन घेतलं. आमचा मुख्य ग्राहक या शेवटच्या गटातला.

टॅक्सीचं काम करताना लागलेल्या काही सवयी इथे मोडाव्या लागल्या. पहिली बोअरिंगची, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून मोठा करण्याची. टॅक्सीला ०.२, ०.४, ०.६ मिमी असं ओव्हरसाइज वाढवत जायचं, कुणाची हरकत नसायची. फॉर्म्युला ज्युनियरची मर्यादा ११०० सीसी. ६८.२ मिमी बोअरला १०९६ सीसी होतात, ६८.४ ला ११०२. म्हणजे दुसऱ्याच बोअरिंगला इंजिन नियमाबाहेर. म्हणून ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आला की आधी बोअर मापायचा, आणि ६८.३ च्या पुढे गेलेला असेल तर स्लीव्ह (आतली नळी) टाकून मूळ मापावर आणायचा. ब्लॉकवर मूळ नंबर असेल तर तो ब्लॉक टाकून देऊन पद्मिनीचा ब्लॉक बसवा, असा सल्ला आम्ही देत नाही. गाडीची अर्धी किंमत त्या नंबरात असते. तडा असला तरी कास्ट आयर्नला वेल्डिंग नको. वेल्डच्या कडेला धातू कडक आणि ठिसूळ होतो आणि तडा शेजारून पुन्हा चालू लागतो. थंड स्टिचिंगला (तड्यावर न तापवता धातूचे टाके बसवण्याला) वेळ लागतो, पण तेच टिकतं.

खरी डोकेदुखी क्रँकची, म्हणजे पिस्टनची धाव फिरतीत बदलणाऱ्या दांड्याची. इंजिनाला क्रँक पेलणारी मेन बेअरिंग तीनच, आणि स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा. ७००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.५ मीटर होतो. तुलनेसाठी, डिझायनर कोलोम्बोच्या पहिल्या फेरारी व्ही-१२ चा स्ट्रोक ५२.५ मिमी, त्याच आरपीएमला तिथे १२.२५ मीटर. टॅक्सीसाठी ग्राइंड केलेल्या क्रँकमध्ये जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) आणि वेब (त्याला जोडणारी बाजूची पाटी) यांच्या मधली गोलाई बहुतेक वेळा चाकाच्या धारेने खाल्लेली असते, कारण ग्राइंडरचं चाक ड्रेस करायला (घडवून नीट करायला) कुणाला वेळ नसतो. ४००० आरपीएमवर ते खपतं. रेसमध्ये क्रँक नेमका त्याच कोपऱ्यातून तुटतो. त्यामुळे क्रम असा : मॅग्नेटिक तपासणी (चुंबकाने बारीक तडे शोधणं), मग ग्राइंडिंग, गोलाई भिंगाखाली पाहणं, पुन्हा मॅग्नेटिक तपासणी, आणि शेवटी फ्लायव्हील व क्लच कव्हर लावून डायनॅमिक बॅलन्सिंग (फिरवून तोल साधणं). ०.५० मिमीपेक्षा जास्त घासलेला क्रँक आम्ही रेससाठी देत नाही. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड एकमेकांशी एका ग्रॅमच्या आत जुळवायचे. रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलायची, नुसतं एकूण वजन जुळून भागत नाही.

हेड ॲल्युमिनियमचं. टॅक्सीवरून आलेलं असेल तर ते किती वेळा फेसिंग (पृष्ठभाग कापून सपाट करणं) झालंय याचा भरवसा नाही. फेसिंग जास्त झालं की कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) वाढतं आणि वाल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची भूमितीही बदलते. म्हणून अंदाज नको, ब्युरेट (द्रव मोजायची नळी) घेऊन हेडमधली जागा मोजा. एका सिलिंडरचं आकारमान २७२.४ सीसी. ९.५ कॉम्प्रेशन हवं असेल तर वर एकूण ३२ सीसी जागा उरली पाहिजे. यात गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पातळ चकती) धरायचं. दाबल्यावर १.२ मिमी जाड आणि ७० मिमी भोकाचं गॅस्केट एकटंच ४.६ सीसी घेतं. पिस्टन टीडीसीला (सर्वात वरच्या टोकाला) ब्लॉकच्या किती खाली राहतो तेही डायलने मापून मिळवायचं. हे न धरता हेड कापलं की आकडा कागदावर बरोबर असतो आणि इंजिन नॉकिंग करतं (आतून ठोके देतं).

हवा-पेट्रोल मिसळणारा वेबर डीसीओई कार्बोरेटर हा मात्र आवडीचा भाग. सुरुवातीचा हिशेब सोपा आहे : चोकच्या (हवेच्या अरुंद गळ्याच्या) मिमीला चारने गुणा, मेन जेट (पेट्रोलच्या मुख्य भोकाचं माप) मिळतो, त्यात ५० मिळवा, एअर करेक्टर (हवेच्या भोकाचं माप) मिळतो. ३० चोकला १२० आणि १७०. पुढचं डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). पण ट्यूनिंगची निम्मी तक्रार जेटची नसतेच. मॅनिफोल्डला (हेडकडे जाणाऱ्या नळ्यांना) कार्बोरेटर करकचून आवळला की इंजिनाच्या थरथरीने फ्लोट चेंबरमधल्या (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतल्या) पेट्रोलला फेस येतो. रबरी ओ-रिंग आणि स्प्रिंग वॉशर लावून कार्बोरेटर किंचित हलता ठेवायचा असतो. दुसरं, पंपाचा दाब. साडेतीन पीएसआयच्या वर गेला की पेट्रोल थांबवणारा नीडल वाल्व्ह बसत नाही आणि लोक फ्लोट वाकवत बसतात.

भारतात चालवायच्या गाडीला आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल गृहीत धरावं लागतं. ते शुद्ध पेट्रोलपेक्षा जास्त मात्रेत लागतं, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. मेन जेट साधारण एक-दोन माप वर न्यावा. जुने रबरी होस आणि डायफ्रॅम फुगतात, ते आधीच बदलावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामे करावेत, नाहीतर आत पांढरी भुकटी साचते आणि सगळ्यात आधी आयडल जेट (उभ्या गाडीतल्या इंजिनाला पेट्रोल देणारी भोकं) चोंदतात.