कावळा शिवत नाही तेव्हा केस उघडते

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर दहाव्याचा पिंड मांडलाय. माणसं चार पावलं मागं सरून उभी आहेत. कावळे समोरच्या झाडावर आहेत, पण खाली एकही येत नाही. थोरला हात जोडून म्हणतो, "धाकटीचं लग्न करून देतो, काळजी करू नको." तरी नाही. "घर विकणार नाही." तरी नाही. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि मंडळी घराकडं वळतात.

वरच्या जगात प्रकरण मिटलं, खालच्या दप्तरात मात्र ते उघडंच राहिलं. परलोकात काम करणाऱ्या गुप्तहेरांची मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, मराठीत करायची असेल, तर पहिलं पान हेच असावं. जपानी मांगाकारांना असा प्रसंग मुद्दाम रचावा लागतो. आपल्याकडं तो दर आठवड्याला घाटावर घडतो.

या प्रकारातली दोन जुनी कामं नीट वाचावीत. योशिहिरो तोगाशींची 'यूयू हाकुशो' १९९० ते १९९४ या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात आली, एकूण १९ खंड. एका लहान पोराला गाडीखालून वाचवताना नायक युसुके मरतो. परलोकात त्याच्या नावाची जागाच तयार नसते, कारण तो मरेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. पुढं तो परत जिवंत होतो आणि परलोकाचा गुप्तहेर म्हणून नेमला जातो. यातली शिकण्याची गोष्ट म्हणजे त्याचं हत्यार. बोटातून सुटणारी ती गोळी सुरुवातीला दिवसातून एकदाच मारता येते, म्हणून प्रत्येक प्रकरणात ती कधी वापरायची हा निर्णय जड होतो. नंतर मालिका लढतींच्या मैदानात गेली आणि तपास मागं पडला. ती मैदानंही उत्तम आहेत, पण तपासकथा लिहिणाऱ्यानं सुरुवातीचे खंड जास्त बारकाईनं वाचावेत.

दुसरी योको मात्सुशितांची 'यामी नो मात्सुएई', 'हाना तो युमे' मासिकात १९९६ पासून. यातले शिनिगामी म्हणजे यमाच्या कचेरीतले नोकर. त्यांना विभाग वाटून दिलेत, पगार आहे, वरिष्ठांची बोलणीही खावी लागतात. मृतांच्या यादीत नाव आहे पण आत्मा पोचला नाही, तो का पोचला नाही हे शोधणं हे त्यांचं काम. 'खून कुणी केला' याच्याही आधी 'हा माणूस अजून पोचला का नाही' असं विचारलं की गुन्हा नसलेली प्रकरणंसुद्धा तपासाला येतात. आपल्या न शिवणाऱ्या कावळ्याचा प्रश्न अगदी हाच आहे.

आता अडचणीकडं येऊ. मेलेला माणूस समोर बसलाय, मग त्यालाच विचारायचं की कुणी मारलं. दोन पानांत गोष्ट संपते. नवख्यांच्या बहुतेक कथा इथंच बसतात. जपानी परंपरेत तर एन्माच्या दरबारात आरसा असतो आणि त्यात माणसाची सगळी कर्मं दिसतात. हा एन्मा म्हणजे चीनमार्गे तिकडं गेलेला आपला यमच. आपल्याकडं चित्रगुप्ताची वही आहे. आरसा आणला की तपास मेला, वही आणली तरी मेला. त्यामुळं काय कळतं यापेक्षा काय कळत नाही, ते आधी कागदावर लिहून घ्यायचं. नियम तीनच पुरेत, पण ते पहिल्या आठ पानांत वाचकाला दाखवलेले हवेत. बाविसाव्या पानावर नवा नियम काढला तर वाचक ते माफ करत नाही, आणि करूही नये.

आमच्या मते पहिला नियम असा असावा: मृताला तारीख, वार आणि माणसांची नावं आठवत नाहीत, शेवटच्या तासाभरातलं जे दिसलं, ऐकलं, हाताला लागलं तेवढंच आठवतं. दुसरा: वही फक्त धर्मराज उघडतो, आणि तीही मृत यमपुरीत पोचल्यावरच. तिसरा: गुप्तहेर जिवंतांच्या घरात शिरू शकतो, पण वस्तूला हात लावू शकत नाही.

दुसऱ्या नियमाला गरुडपुराणाच्या सारोद्धारात, म्हणजे त्याच्या संक्षेपात, भक्कम आधार सापडतो. यममार्ग ८६,००० योजनं लांब, आणि प्रेत दिवसाला २४७ योजनं चालतं. भागून बघा, ३४८ दिवस येतात. तेराव्यानंतर निघायचं, म्हणजे वर्षश्राद्धाच्या सुमारास पोच. वाटेत सौम्यपुरापासून सोळा गावं लागतात. गुप्तहेराला वही उघडायच्या आत जवळजवळ वर्षभराची मुदत मिळते आणि मालिकेला सोळा मुक्काम मिळतात. मागं घरी मासिक श्राद्ध झालं तर वाटेत अन्न मिळतं, चुकलं तर साक्षीदार उपाशी.

गुप्तहेरही तिथंच आहेत. ब्रह्मदेवाचे पुत्र 'श्रवण' तिन्ही लोकांत फिरतात, लांबून ऐकतात, लांबून बघतात आणि माणसांची कृत्यं चित्रगुप्ताला कळवतात. नायकाचा हुद्दा आयता मिळाला: श्रवण, पंचगंगा विभाग. कचेरी कुठं थाटायची? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. प्रयाग चिखलीच्या संगमाखालून वाहणारी ती न दिसणारी नदी हाच खालच्या कचेरीचा रस्ता करा.

आता एक प्रकरण शेवटापर्यंत बांधून दाखवतो. महाद्वार रोडच्या एका बोळातली आज्जी. घर तिच्या नावावर. घरचे सांगतात, ३ फेब्रुवारीला संध्याकाळी झोपेतच गेली. त्याच दिवशी सकाळी दुय्यम निबंधकाकडं घराचं बक्षीसपत्र नोंदवलंय, त्यावर आज्जीचा अंगठा आहे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. घाटावर दहाव्याला कावळा शिवत नाही. श्रवण आज्जीला आदल्या दिवशीच, ११ तारखेला, भेटून आलाय.

"आज्जी, शेवटचं काय बघितलासा?"
"उन्हं. आईच्या तोंडावर उन्हं आल्ती. डोळं भरून बघितलं बघ."
"आणि मग?"
"मग जिन्यात अंधार हुता."

अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात: ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १०, ११ नोव्हेंबर. परंपरेनं पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आज्जीनं तोंडावरचं ऊन बघितलं असेल तर ती २ फेब्रुवारीची मावळत होती. मग ३ तारखेच्या सकाळी अंगठा कुणी दिला?

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. ढग, धूर, मधल्या इमारती यांमुळं किरणं काही वर्षी वाटेतच अडतात; ठरलेली तारीख दरवेळी साधतेच असं नाही. वाचक कोल्हापूरचा असेल तर तो हे लगेच बोलून दाखवणार. म्हणून ही शंका कथेतल्याच कुणाच्या तरी तोंडी घाला, श्रवणाचा वरिष्ठ त्याला बरा. आणि दुसरा पुरावा वेगळ्या जातीचा आणा. ३ तारखेला संध्याकाळी, घरच्यांच्या हिशेबानं तासाभरातच, प्रेताला आंघोळ घालणारी शेजारीण म्हणते, "हात सरळच होईना." तासाभरापूर्वी गेलेल्या माणसाचं अंग अजून ऊबदार आणि सैल असतं. ताठरपणा काही तासांनी चढतो, साधारण बारा तासांत पुरा होतो आणि दिवसभर तरी टिकतो. ताठ, गार हात म्हणजे मृत्यू आदल्या रात्रीचा.

तिसरा पुरावा खास परलोकाचा, आणि सगळ्या कथेचा कणा तोच. सारोद्धार सांगतो की रोजच्या पिंडानं प्रेताचा देह घडत जातो: पहिल्या दिवशी डोकं, नवव्या दिवशी पाय, दहाव्या दिवशी भूक आणि तहान. घरच्यांनी मृत्यूचा दिवस ३ फेब्रुवारी धरला, म्हणजे त्यांचा दहावा १२ तारखेला. खरा दहावा ११ लाच होता. खालच्या दप्तराच्या हिशेबानं ११ तारखेला आज्जीला भूक लागायला हवी होती, पण पिंड नऊच मिळालेत. श्रवण विचारतो, "भूक लागली काय, आज्जी?" ती म्हणते, "न्हाई बाळा." हे वाक्य पहिल्यांदा येतं तेव्हा ती नुसती माया वाटली पाहिजे. सोळा पानांनी त्याच वाक्यानं केस सुटते.

इथं एक गफलत हमखास होते. हल्ली बहुतेक ठिकाणी दहाही पिंड दहाव्या दिवशी एकदम देतात. तसं असेल तर मोजणीचा पुरावा कोसळतो. म्हणून हे घर रोज घाटावर येतं, हे तिसऱ्या-चौथ्या पानावरच एका लहान चौकटीत दाखवून ठेवा. दुसरी गफलत वाराची. ३ फेब्रुवारी शनिवार-रविवार नसलेलं वर्ष घ्या, नाहीतर निबंधक कार्यालय सहसा बंद. २०२५ मध्ये तो सोमवार होता, चालेल. तिसरी पावसाची. हीच कथा जुलै-ऑगस्टात नेली तर घाटच पाण्याखाली असतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ किंवा २०२१ चा पूर दाखवायचा असेल तर पिंडाची जागा बदलावीच लागेल.

पानांचं गणित. एकटी कथा ३२ पानांची ठेवा, सोळा पानांचे दोन फॉर्म (एका तावावर एकत्र छापायचा पानांचा गट) बसतात आणि छपाईत कागद वाया जात नाही. जपानी मांगा उजवीकडून डावीकडं वाचतात. मराठीत तो हट्ट धरू नका, लिपी डावीकडून चालते आणि डोळा अडखळतो. दिशा बदलली की पान उलटण्याची जागाही बदलते. आपल्या पुस्तकात विषम पान उजवीकडं येतं, ते वाचून झालं की पान उलटतं. म्हणून प्रश्न विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि धक्का पुढच्या सम पानाच्या वरच्या चौकटीत. आज्जीचं "न्हाई बाळा" दहाव्या पानावर, अर्थ सव्विसाव्यावर. धक्का विषम पानावर ठेवला तर शेजारचं पान वाचतानाच तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो आणि फुकट जातो.

फुगे ही मराठीची खरी कसोटी. जपानी मजकूर उभा असतो, म्हणून तिकडचे फुगे उंच आणि अरुंद. त्यात देवनागरी कोंबली की प्रत्येक ओळीत दोन शब्द बसतात आणि शब्द तुटतात. फुगा आडवा घ्या, जास्तीत जास्त चार ओळी, पंधरा-वीस शब्द. ओळींमधली जागा रोमन लिपीपेक्षा जास्त सोडा. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसले की 'कु' आणि 'कृ' ओळखू येत नाहीत. अक्षर आधी मांडा, फुगा नंतर काढा.

मूळ चित्र बी-४ कागदावर, म्हणजे २५७ गुणिले ३६४ मिलिमीटर, आतली चौकट १८० गुणिले २७०. शेजारच्या दोन चौकटींत फट कमी, साधारण ३ मिलिमीटर. वरच्या-खालच्या रांगांत जास्त, ७ च्या आसपास. त्यानं डोळा आधी आडवा जातो आणि मगच खाली उतरतो. टाकाची निब वापरणार असाल तर खरखरीत कार्ट्रिज पेपर टाळा, टोक धाग्यात अडकतं आणि शिंतोडे उडतात. गुळगुळीत आयव्हरी कार्ड बरं. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि रेघ फुटते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि काम करताना दोन-तीनच काढा.

संगणकावर काढलं तर काळ्या-पांढऱ्या रेषेसाठी ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. ठिपक्यांची छटा दिल्यावर पान लहान-मोठं करू नका, ठिपके एकमेकांवर चढून जाळी दिसायला लागते. छपाईच्याच मापात आणा आणि छटा शेवटी भरा. परलोक दाखवायला काळोख ओतायची सवय बहुतेकांना असते, पण साध्या कागदावर मोठा काळा पट्टा मागच्या पानावर उमटतो. घाट उजेडाचा आणि खालची कचेरी फिकट छटेची ठेवा, भर काळा रंग फक्त एकाच गोष्टीला द्या: कावळ्याला.

शेवटचं पान ३२ वं, म्हणजे सम. तिथं शब्द नकोत. ११ फेब्रुवारीची सकाळ, घरचे यायच्या आधीची, घाटाच्या पायऱ्या रिकाम्या. पिंड नाही, माणसं नाहीत, गुरुजी नाहीत. खालच्या पायरीवर एकच कावळा येऊन बसलाय आणि बोळाच्या दिशेनं मान वळवून बघतोय.