आमची वाटचाल : खडीखालचा खडक शोधताना

सुरुवातीला आमच्याकडे एक ऑगर रिग (स्क्रूसारख्या पात्याने जमिनीत बोअर घेणारं यंत्र) होती आणि कामं सगळी पायाची. सहा-आठ मीटर खाली जायचं, हॅमरचे ठोके मोजायचे, नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, अहवाल द्यायचा. पुढे उपसा संपलेल्या खडी-वाळूच्या खाणींत पाणी साठवण्यासाठी जमिनीच्या तपासणीची कामं येऊ लागली आणि जवळपास प्रत्येक सवय बदलावी लागली.

पायाच्या कामात जमीन वजन पेलेल का, एवढं बघायचं असतं. इथे पाणी कुठून निसटेल ते बघायचं असतं. नदीकाठची खडी पाणी धरत नाही, म्हणून खाणीभोवती खोल चर खणून माती आणि बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) यांची भिंत उतरवतात. आमच्या धंद्यात तिला स्लरी वॉल म्हणतात. तिचं टोक खालच्या घट्ट शेलमध्ये किंवा क्लेस्टोनमध्ये (चिकणमातीपासून बनलेल्या खडकांत) साधारण मीटरभर रुतवतात, आणि साठ्याचा तळ म्हणजे तोच खडक. तेव्हा खडक नेमका कुठे लागतो आणि तो किती घट्ट आहे, यावर सगळं काम उभं असतं.

भिंतीच्या रेषेवर आम्ही दर 60 ते 100 मीटरला एक बोअर घेतो. शेजारच्या दोन बोअरमध्ये खडकाची पातळी दीड-दोन मीटरने बदलली, तर मध्ये आणखी एक. जुन्या प्रवाहाने खडकात कोरलेली घळ अशाच जागी लपलेली असते, आणि ती चुकली तर भिंत खडीतच लटकते. एका जादा बोअरवरून मालकाशी वाद झाला तरी चालेल, पण इथे काटकसर नको.

खडीत बोअर घेणं हे वेगळंच प्रकरण. पोकळ ऑगर वाळूत छान चालतो. मोठे गोटे आले की अडतो किंवा तिरका जातो. हॅमरने कॅसिंग उतरवत गेलं तर काम झपाट्याने होतं, पण दगडांचा भुगा होऊन वर येतो आणि त्याची चाळणी करून मिळणारे आकडे खोटे असतात. सॉनिक रिग (कंपनांनी नळी खाली उतरवणारं यंत्र) सलग नमुना देते. महाग आहे, पण भिंतीच्या रेषेवर आम्ही आता तीच पसंत करतो. पाण्याखालच्या वाळूत आणखी एक त्रास : हत्यार झटकन वर ओढलं की वाळू उकळल्यासारखी आत शिरते आणि तळ सैल होतो. कॅसिंगमधलं पाणी भूजलापेक्षा वर ठेवलं आणि हत्यार सावकाश काढलं की हे टळतं.

म्हणून एन-व्हॅल्यूकडे, म्हणजे नमुना घ्यायची नळी जमिनीत ठोकताना मोजलेल्या ठोक्यांच्या आकड्याकडे, आम्ही संशयाने बघतो. 63.5 किलोचा हॅमर, सुमारे 76 सेंमी उंची, 45 सेंमी भेदन, पहिले 15 सोडून उरलेल्या 30 सेंमीचे ठोके. पद्धत सोपी आहे. पण स्प्लिट स्पूनचं, म्हणजे त्या उभ्या उघडणाऱ्या नळीचं, तोंड अवघं 35 मिमी. 50 मिमीचा गोटा तोंडाशी अडकला की ठोके वाढतात आणि सैल थर घट्ट दिसतो. उलट वाळू उकळलेली असेल तर घट्ट थर सैल दिसतो. स्पूनमध्ये येतो किलोभर माल. 75 मिमीपर्यंतच्या खडीची चाळणी नीट करायची तर 60 किलोच्या आसपास नमुना लागतो. त्यासाठी पाणीपातळीच्या वर एक्स्कॅव्हेटरने खड्डे घेणं हाच उपाय.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे मोठ्या धोंड्याला खडक समजणं. बिट अडला म्हणजे खडक लागला, असं लॉगमध्ये (बोअरमधल्या थरांच्या नोंदीत) कधीच लिहू नये. आम्ही निदान तीन मीटर, शक्यतो पाच मीटर कोअर (खडकाचा सलग दंडगोल नमुना) काढतो. वरचा झिजलेला क्लेस्टोन पिवळट-तपकिरी, गंजलेल्या भेगांचा असतो. ताजा करडा आणि घट्ट. भिंत त्या ताज्या भागात रुतायला हवी. मध्येच सॅन्डस्टोनची पट्टी निघाली तर भिंत तिच्याही खाली न्यावी लागते. कोअर वाळला की तडकतो आणि आरक्यूडी (कोअरमधल्या लांब, अखंड तुकड्यांची टक्केवारी) उगाच कमी येतो, म्हणून बाहेर काढल्या काढल्या फोटो, नोंद आणि प्लॅस्टिकचं वेष्टन.

मग पॅकर टेस्ट : बोअरचा एक टप्पा फुगणाऱ्या बुचांनी बंद करून त्यात दाबाने पाणी सोडायचं आणि किती मुरतं ते मोजायचं. दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा आणि तसाच उतरवायचा. मऊ खडकात जोर केला तर खडकच फाटतो आणि गळती आपणच तयार करतो. एक ल्युजॉन म्हणजे 10 बार दाबाला मिनिटाला मीटरमागे एक लिटर, म्हणजे पाझरक्षमता सेकंदाला सुमारे 1.3 × 10⁻⁵ सेंमी. धरणाच्या ग्राउटिंगमध्ये (खडकाच्या भेगा पातळ मिश्रणाने बुजवण्याच्या कामात) एवढं कमी मानतात. इथे भिंतीचं उद्दिष्ट सेकंदाला 10⁻⁷ सेंमीच्या आसपास असतं, त्यामुळे एका ल्युजॉनवर समाधान मानता येत नाही.

भूजलाचा नमुनाही घ्यावा. त्यात क्षार किंवा कॅल्शियम जास्त असेल तर बेंटोनाइट पुरेसं फुगत नाही, आणि हे चर खणल्यावर कळून उपयोग नाही. 75 मायक्रॉनखालचा बारीक भाग खडीत किती आहे, हेही आधीच कळवावं. तो कमी असेल तर भिंतीत भरायची माती बाहेरून आणावी लागते.

बोअर संपलं की सिमेंट-बेंटोनाइटचं ग्राउट पाइपने तळापासून वर भरत यायचं. वरून ओतलं तर मध्ये पोकळी राहते, आणि खडकात शिरलेलं उघडं बोअर म्हणजे साठ्याच्या तळाला पाडलेलं भोक. काही बोअर मात्र भिंतीच्या आत-बाहेर जोडीने पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायची नळी) म्हणून राखून ठेवतो. खाण उपसून कोरडी केली की आतली पातळी खाली आणि बाहेरची जागच्या जागी राहायला हवी. बाहेरचीही उतरू लागली, की त्या जोडीजवळच्या बोअरचे लॉग आम्ही आधी बाहेर काढतो.