नाव नसलेला जन्मदाखला आणि क्रॉसकंट्रीची निवड चाचणी : माझा अनुभव

माझ्या भाचीला क्रॉसकंट्रीच्या, म्हणजे मैदानाबाहेर चढउताराच्या वाटेने पळायच्या शर्यतीच्या, जिल्हा निवड चाचणीत उतरवायचे ठरले, तेव्हा तिच्या धावण्याची काळजी आम्हाला नव्हती. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातले चढउतार ती पहाटे पळते आणि सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याच्या वाटेवर जाते. अडले ते जन्मदाखल्यावर, आणि त्यासाठी एका कार्यालयात जे सोसावे लागले त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

या खेळात किती पळायचे हेच वयावर ठरते. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा वर्षांखालील मुलींना 2 किलोमीटर, अठरा वर्षांखालील मुलींना 4 आणि वीस वर्षांखालील मुलींना 6 किलोमीटर अंतर असते. जागतिक स्पर्धेत वीस वर्षांखालील गटात उतरायचे तर त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला वयाची किमान 16 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. वरिष्ठ महिलांना मात्र 2017 च्या कंपाला (युगांडा) येथील जागतिक स्पर्धेपासून पुरुषांइतकेच 10 किलोमीटर पळावे लागते. त्याआधी त्या 8 किलोमीटरच पळत, आणि हा बदल व्हायला इतकी वर्षे का लागली, हे मला कळलेले नाही. सांगायचे इतकेच की, जन्मतारखेचा पुरावा मागणाऱ्यांची चूक नव्हती. आमच्याजवळचा दाखला खरा होता, तारीखही बरोबर होती. फक्त बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. प्रवेशिका घेणाऱ्या गृहस्थांनी ती रेघ बोटाने दाखवली आणि कागद परत केला.

अशी रेघ आपल्याकडे पुष्कळ घरांतल्या दाखल्यांवर सापडेल. जन्माची खबर रुग्णालयाने 21 दिवसांत द्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती आई घरी जाण्यापूर्वीच दिली जाते, आणि बारसे त्यानंतर होते. नाव नंतर घालता येते, परंतु त्यासाठी कोणीतरी पुन्हा जावे लागते. शिवाय नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते. वहिनीचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले, त्यामुळे कोल्हापुरात राहूनही आम्हाला तिच्या माहेरच्या तालुक्याच्या गावी हेलपाटे घालावे लागले.

तिथल्या खिडकीवरच्या लिपिकाने आधी सांगितले, "रुग्णालयाचे पत्र आणा." ते रुग्णालय बंद होऊन कैक वर्षे झाली आहेत, असे म्हटल्यावर त्यांनी जुने रजिस्टर काढून पाहण्याचे कबूल केले, पण रजिस्टर ज्या कपाटात होते त्याची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे होती. किल्ली आली तेव्हा पान सापडले. कडा वाळवीने खाल्लेल्या, मजकूर निळ्या शाईतला, आणि आईच्या नावासमोर वहिनीचे माहेरचे नाव लिहिलेले. लग्नात तिचे नाव बदलले होते आणि आधारकार्डावर सासरचे नाव आहे. लिपिकाने दोन्ही कागद शेजारी ठेवून शांतपणे विचारले, "ओ ताई, ही आई दुसरीच दिसते की. मुलगी नक्की कुणाची?" वहिनी माझ्या शेजारीच उभी होती. चौदा वर्षे जिने मुलीला वाढवले तिने याला काय उत्तर द्यावे, हे मला त्या खिडकीसमोर सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

पुढे दर खेपेला नवा कागद निघत गेला. लग्नाचा दाखला दिला, तर प्रतिज्ञापत्र हवे. प्रतिज्ञापत्र दिले, तर त्यात दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे वाक्य हवे. मुख्य म्हणजे सगळी यादी एकदम सांगायची नाही, असा तिथला रिवाज दिसला. इकडे निवड चाचणीचा दिवस जवळ येत होता आणि भाचीला पंधरावे वर्ष पुरे व्हायला थोडेच महिने उरले होते. नियमाने नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंतच नाव घालता येते, ही गोष्ट त्या खिडकीवर कोणी आपणहून सांगितली नाही.

वाट सापडली ती अर्ज बदलल्यावर. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 मध्ये मुलाचे नाव घालण्यासाठी कलम 14 आहे आणि नोंदीतली चूक दुरुस्त करण्यासाठी कलम 15. आमचे दोन्ही विषय एकाच अर्जात कोंबले गेले होते, कारण तसे लिहून द्या असे त्यांनीच सांगितले होते. मी दोन स्वतंत्र अर्ज केले, नावाच्या अर्जावर कलम ठळक लिहिले आणि आवक क्रमांकासह पोच मागितली. पोच मागताच साहेबांना भेटायला सांगण्यात आले, आणि साहेबांनी नावाचा अर्ज त्याच दिवशी विलंब शुल्क घेऊन मंजूर केला. मला त्या क्षणी आनंदापेक्षा संतापच जास्त आला, हे नमूद करते.

आता आठवते तसे सांगते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधारवर आणि जन्मदाखल्यावर नावाचा क्रम व वेलांट्या एकसारख्या आहेत का, हे मूल पाचवीत असतानाच पाहावे. नव्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच मागून घ्याव्यात आणि मूळ प्रत लॅमिनेट करू नये. पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद खिडकीत सोडू नये, हे खरे तर आधी सांगायला हवे होते.

दाखल्यावर नाव आल्यानंतर चाचणीची नोंदणी आणि प्रवेशिका यांत काहीच अडले नाही. भाची चाचणीत पळाली आणि जिल्हा संघात आली. क्रॉसकंट्रीत संघाचे गुण क्रमांकांच्या बेरजेवर ठरतात. जागतिक स्पर्धेच्या वरिष्ठ गटात सहा जणींपैकी पहिल्या चौघींचे क्रमांक धरतात आणि ज्या संघाची बेरीज कमी तो वरचा, त्यामुळे मागे पडलेल्या मुलीनेही शेवटपर्यंत नेट लावावा लागतो, असे ती आता मलाच समजावते. आईच्या नावाच्या दुरुस्तीचा कलम 15 खालचा अर्ज मात्र अजून त्याच कार्यालयात पडून आहे, आणि पासपोर्ट काढण्याआधी तो निकाली निघावा म्हणून पुढच्या आठवड्यात वहिनीला घेऊन मी पुन्हा जाणार आहे.